नर्सिंगला गणित लागत नाही, मग सोडून द्यायचं का?

ताई, तुमचं पत्र आणि सोबत पाठवलेला उत्तरपत्रिकेचा फोटो, दोन्ही नीट पाहिलं. लेक दहावीत आहे, सहामाहीत बीजगणितात 40 पैकी 9 मिळाले, भूगोलात मात्र 31. तिला नर्सिंगला जायचंय. तुम्ही घरी ब्लाउज शिवता आणि लिहिता, "आमच्या घरात गणित कुणालाच नाही. पुढे लागणार नसेल तर क्लासचे पैसे तरी वाचवू."

आधी प्रवेशाचं सांगतो. बी.एस्सी. नर्सिंगसाठी बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी लागतं, गणित नाही. जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या पदविकेला, तर इतर शाखांच्या मुलीही जातात. तेव्हा अकरावीत गणित सोडायला माझी हरकत नाही. इंजिनिअरिंग, आर्किटेक्चर ही दारं मात्र बंद होतील, तेवढं तिला आत्ताच सांगून ठेवा. मन बदलून उद्या पोलीस भरतीला बसावंसं वाटलं, तर तिथल्या लेखी परीक्षेत अंकगणित आहेच.

पण विषय सोडला म्हणून गणित पाठ सोडत नाही. अकरावीच्या फिजिक्सचं पुस्तक उघडलं की लगेच त्रिकोणमिती, व्हेक्टर पुढ्यात येतात. केमिस्ट्रीत मोलची गणितं. आणि वॉर्डात? डॉक्टर लिहून जातात, 500 मिलीची सलाईन चार तासांत द्या. सलाईनच्या नळीतून एका मिलीला 20 थेंब पडत असतील, तर मिनिटाला किती थेंब सोडायचे? 500 गुणिले 20, भागिले 240 मिनिटं, म्हणजे साधारण 42. मोठ्या रुग्णालयात यासाठी पंप असतो. जिथे नसतो तिथे सिस्टर घड्याळाकडे बघत थेंब मोजते. लहान मुलांचं औषध तर वजनावर ठरतं. तिथे दशांश चिन्ह एक घर सरकलं की डोस दहापट होतो. 9 मार्कांपेक्षा मला याची काळजी जास्त वाटते.

आता त्या उत्तरपत्रिकेकडे या. दुसऱ्या पानावर समीकरण आहे: एक्स भागिले 3 अधिक एक्स भागिले 4 बरोबर 14. तुमच्या लेकीने वरचे एक्स मिळवले, खालचे 3 आणि 4 मिळवले, आणि लिहिलं, 2 एक्स भागिले 7 बरोबर 14. तिथून पुढची एकही पायरी चुकलेली नाही! उत्तर 49 आलं, हवं होतं 24. अजून तीन गणितांत हीच चूक आहे. म्हणजे मुलीला बीजगणित जमतंय, अडलंय ते पाचवी-सहावीतल्या अपूर्णांकांवर. मधल्या चार-पाच वर्षांत कुणी मागे जाऊन पाहिलं नाही, एवढंच. दहावीच्या क्लासमध्येही पाहणार नाहीत. तिथे पोर्शन संपवायची घाई असते.

हे तुम्ही शिकवू शकता, आणि तेही तुमच्या टेपवर. 12 इंच धरा. त्याचा तिसरा भाग 4 इंच, चौथा भाग 3 इंच, दोन्ही मिळून 7 इंच. 12 पैकी 7. मग दोन सप्तमांश कुठून आले, हे तिचं तिलाच विचारा. छातीचं माप 36 आलं की तुम्ही चौथा भाग 9 धरता, वर शिलाईला माया सोडता, पाऊण मीटर कापडात बाह्या बसतील का हे कात्री लावायच्या आधी सांगता. आणि तरी घरात गणित कुणालाच नाही म्हणता! आपल्या आजोबांच्या पिढीला पावकी, निमकी, दिडकी, म्हणजे पाव, अर्धा, दीडचे पाढे, तोंडपाठ असायचे. ती पाठांतरं गेली, पण सव्वा-दीड-अडीच तुमच्या हातात अजून आहेत.

भूगोलातल्या त्या 31 मार्कांचंही तिला सांगा. एक अंश रेखावृत्ताला 4 मिनिटं, आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंशांची, म्हणून ग्रिनिचपेक्षा आपण साडेपाच तास पुढे. हा गुणाकार ती न घाबरता करते, कारण वहीवर 'भूगोल' लिहिलेलं असतं.

क्लासचा निर्णय महिनाभर थांबवा. सहावीचं गणिताचं पुस्तक शेजारीपाजारी मिळेल, नाहीतर बालभारतीच्या संकेतस्थळावर आहेच. अपूर्णांक, दशांश, गुणोत्तर आणि शेकडेवारी एवढीच प्रकरणं, रोज अर्धा तास. उत्तरं छापलेलं गाईड तूर्त कपाटात. "सहावीचं पुस्तक?" म्हणून ती नाक मुरडेल, मुरडू द्या. महिन्याने हीच उत्तरपत्रिका कोऱ्या कागदावर पुन्हा सोडवून घ्या आणि मला फोटो पाठवा. मार्क घालू नका, ते दुसऱ्या पानावरचं समीकरण तेवढं मला बघायचंय.