विगन विरुद्ध सेंट हेलेन्स : गुड फ्रायडेच्या सामन्यात काय पाहावे?

प्रश्न : मी अनेक वर्षे पंधरा खेळाडूंची रग्बी, म्हणजे रग्बी युनियन, पाहत आलो आहे. यंदा प्रथमच विगन आणि सेंट हेलेन्स यांच्यातील गुड फ्रायडेचा रग्बी लीग सामना पाहणार आहे. सुपर लीग या इंग्लंडमधील अव्वल स्पर्धेच्या मोसमात इतके सामने असताना या एकाच सामन्याची चाहते वर्षभर वाट का पाहतात?

उत्तर : मी स्वतः सेंट हेलेन्सचा चाहता आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे वाचताना आपल्याला माझा कल ठाऊक असेल.

उत्तर इंग्लंडमधील ही दोन गावे एकमेकांपासून सुमारे 12 किलोमीटरवर आहेत. विगन हे कोळशाच्या खाणींचे आणि कापडगिरण्यांचे गाव, तर सेंट हेलेन्स काचेच्या कारखान्यांचे. शनिवारी सामना खेळायचा तर खाणीतली किंवा कारखान्यातली पाळी सोडावी लागे आणि त्या दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडावे लागे. ती मजुरी क्लबने भरून द्यावी, ही उत्तर इंग्लंडची मागणी रग्बीच्या मुख्य संघटनेने फेटाळली. त्यानंतर 29 ऑगस्ट 1895 रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलमध्ये उत्तरेकडील क्लब एकत्र जमले आणि वेगळे झाले. आपण पाहणार आहात तो खेळ त्या निर्णयातून जन्मला आणि त्या पहिल्या क्लबांत विगनही होते, सेंट हेलेन्सही होते. म्हणजे हे दोन शेजारी या खेळाच्या पहिल्या दिवसापासून एकमेकांसमोर उभे आहेत.

या शेजारात खेळाडूंची ये-जाही मोठी आहे. सेंट हेलेन्सचा लाडका हाफबॅक (चाली रचणारा खेळाडू) शॉन लाँग विगनमध्ये जन्मला आणि कारकिर्दीची सुरुवातही त्याने विगनकडूनच केली. पुढे तोच सेंट हेलेन्सचा लाल व्ही असलेला पांढरा जर्सी घालून विगनविरुद्ध मैदानात उतरू लागला, तेव्हा दोन्ही बाजूंच्या प्रेक्षकांना काय वाटत असेल, याची कल्पना आपण करू शकाल.

प्रश्न : युनियन पाहायची सवय असलेल्या प्रेक्षकाने या सामन्यात नेमके कशावर लक्ष ठेवावे? चेंडूच्या मागे नजर ठेवली की पुरेसे आहे का?

उत्तर : माझ्या मते पुरेसे नाही, आणि आपल्या प्रश्नाचे खरे मर्म इथेच आहे. लीगमध्ये प्रत्येक बाजूला 13 खेळाडू असतात. चेंडू असलेल्या संघाला सहा टॅकलची, म्हणजे चेंडू नेणारा सहा वेळा अडवला जाईपर्यंतची, संधी मिळते आणि तेवढ्यात गुण झाले नाहीत तर चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जातो. 1966 पूर्वी अशी मर्यादाच नव्हती. त्या वर्षी ती चार टॅकलची झाली आणि 1972 पासून इंग्लंडमध्ये सहाची. युनियनमध्ये जमिनीवरच्या चेंडूसाठी झुंबड उडते, तशी इथे उडत नाही. टॅकल झालेला खेळाडू उठतो, चेंडू जमिनीवर ठेवतो आणि पायाने मागे सरकवतो. त्याच्यासमोर प्रतिस्पर्ध्यांपैकी जास्तीत जास्त दोघे उभे राहू शकतात आणि त्यांच्या बाकीच्या बचावफळीला 10 मीटर मागे जावे लागते.

आता ती दोन-तीन सेकंदे जवळून पाहा. चेंडू नेणारा खेळाडू पोटावर पडला आहे आणि त्याच्या पाठीवर दोघे-तिघे आहेत. त्यातला शेवटचा उठताना त्याच्या खांद्यावर तळहात टेकवून क्षणभर जास्त रेंगाळतो. त्या एका क्षणात मागची बचावफळी 10 मीटर गाठून वळते आणि पुन्हा पुढे झेपावायला सिद्ध होते. खांद्यावरचा तो हात लवकर सुटला, तर बचावपटू अजून पाठीमागेच पावले टाकत असतात, हुकर, म्हणजे मागे सरकवलेला चेंडू उचलणारा खेळाडू, तो घेऊन सरळ त्यांच्या अंगावर धावून जातो आणि पुढच्या दोन टॅकलमध्ये 30 मीटर सहज निघतात. तो हात फार वेळ टेकलेला दिसला, तर पंच टॅकलची मोजणी नव्याने सुरू करायला लावू शकतात आणि दमलेल्या बचावफळीला आणखी सहा टॅकल करावे लागतात. या जोडीचे सामने निम्म्याहून अधिक वेळा याच ठिकाणी ठरतात, असे माझे ठाम मत आहे. म्हणून पहिली वीस मिनिटे चेंडू कुठे चालला आहे हे थोडे विसरा आणि टॅकल झालेला खेळाडू किती पटकन उभा राहतो, तेवढेच पाहा. कोणाची सरशी होते आहे, हे आपल्याला गुणफलकाच्या आधी कळेल.

दुसरी गोष्ट म्हणजे शेवटच्या टॅकलवरची किक आणि तिच्यामागची धाव. स्वतःच्या 40 मीटर रेषेच्या आतून मारलेला चेंडू टप्पा खाऊन प्रतिस्पर्ध्याच्या 20 मीटरच्या आत बाजूच्या रेषेबाहेर गेला, तर तो परत किक मारणाऱ्या संघालाच मिळतो. अशी किक साधली की सामन्याचा नूर पालटतो. मात्र बहुतेक किक इतक्या सुरेख नसतात. उंच उडालेल्या, वाऱ्यावर डगमगणाऱ्या, वेड्यावाकड्या टप्प्याच्या किकच अधिक असतात आणि त्यांच्यामागे कोण धावतो, हे महत्त्वाचे ठरते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण याच दोन संघांनी 2020च्या ग्रँड फायनलमध्ये, म्हणजे सुपर लीगच्या अंतिम सामन्यात, दिले. तो सामना हल येथे रिकाम्या स्टेडियममध्ये झाला. गुणफलक 4-4 होता आणि वेळ संपत आली होती. सेंट हेलेन्सच्या टॉमी मॅकिन्सनने बऱ्याच लांबून ड्रॉप गोलचा, म्हणजे चालत्या खेळात चेंडू टाकून खांबांमधून किक मारण्याचा, प्रयत्न केला. वेळ संपल्याचा भोंगा वाजला, चेंडू खांबावर आदळला आणि गोलरेषेच्या आत उसळत राहिला. तो मैदानाबाहेर जाईल आणि सामना जादा वेळेत जाईल, असे त्या घडीला मलाही वाटले होते. पण त्याचा 19 वर्षांचा सहकारी जॅक वेल्स्बी धावायचा थांबला नव्हता. मागची रेषा अगदी हाताच्या अंतरावर असताना त्याने चेंडूवर झेप घेतली आणि गोलरेषेमागे तो टेकवून चार गुणांचा ट्राय नोंदवला. सेंट हेलेन्स 8-4 ने विजेते झाले. ते दृश्य मी कितीदा पाहिले असेल याची मोजदाद नाही, आणि दर वेळी माझी नजर वेल्स्बीच्या हातांकडे न जाता त्याआधीच्या त्याच्या चार-पाच पावलांकडे जाते, कारण खांबाला लागून चेंडू कुठे जाईल हे कोणालाच माहीत नसताना त्याने ती पावले टाकली होती.

प्रश्न : बरोबरी झाली तर निकाल कसा लागतो?

उत्तर : साखळी सामन्यात पाच-पाच मिनिटांचा जादा वेळ मिळतो आणि त्यात जो संघ प्रथम गुण करील तो जिंकतो. त्यामुळे एका गुणाच्या ड्रॉप गोलला अचानक सोन्याचे मोल येते. सेंट हेलेन्सने 2023 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पेनरिथला त्यांच्याच मैदानावर 13-12 असे हरवून वर्ल्ड क्लब चॅलेंज, म्हणजे दोन्हीकडच्या विजेत्या क्लबांमधला सामना, जिंकले, तेही जादा वेळेतल्या लुइस डॉडच्या ड्रॉप गोलवर. जादा वेळेतही कोंडी फुटली नाही, तर साखळी सामना बरोबरीत सुटतो.

प्रश्न : आपला अंदाज काय?

उत्तर : चाहत्याचा अंदाज म्हणूनच तो घ्यावा. विगनच्या ताकदीकडे मी डोळेझाक करणार नाही. 2024 मध्ये त्यांनी वर्ल्ड क्लब चॅलेंज, चॅलेंज कप (बाद पद्धतीची स्पर्धा), साखळीतील अव्वल स्थान आणि ग्रँड फायनल अशी चारही विजेतेपदे एकाच मोसमात मिळवली आणि ग्रँड फायनलमध्ये हल केआर या क्लबला अवघे दोन गुण करू दिले. त्यांच्या वेगाबद्दल सगळेच बोलतात, पण मला त्यांच्या बचावाची धास्ती अधिक वाटते. सेंट हेलेन्सने 2019 ते 2022 अशी सुपर लीगची सलग चार विजेतेपदे मिळवली, तीही मुख्यतः बचावाच्या बळावर. दोन चिवट बचावफळ्या समोरासमोर आल्यावर गुणांचा पाऊस पडेल, असे मला वाटत नाही. 2005 मध्ये चॅलेंज कपच्या सामन्यात सेंट हेलेन्सने विगनला 75-0 असे हरवले होते आणि आमच्यातले काही जण अजूनही तो आकडा अभिमानाने सांगतात, पण गुड फ्रायडेला तसे काही मागणे मला हावरटपणाचे वाटते.

तासाभराच्या खेळानंतर दोन्ही संघांत सहापेक्षा जास्त गुणांचे अंतर नसेल, असे मी धरून चालतो. त्या वेळी पेनल्टी मिळाली आणि गोलखांब टप्प्यात असले, तर सेंट हेलेन्सच्या कर्णधाराने ट्रायच्या मोहात न पडता किक मारून दोन गुण घ्यावेत, ही माझी मनापासूनची इच्छा आहे. तसे झाले, तर आम्ही चार गुणांनी जिंकू. आणि शेवटची दहा मिनिटे आपण खुर्चीवर टेकून बसू नका, विशेषतः किक खांबाच्या दिशेने निघाली असेल तेव्हा.