वाचकांचे प्रश्न : उभ्याने वाजवायचा ड्रम विकताना

प्रश्न : माझ्याकडे १६ बाय १६ इंची फ्लोअर टॉमपासून (पायांवर उभ्या राहणाऱ्या मोठ्या ड्रमपासून) करून घेतलेला कॉकटेल ड्रमसेट आहे, म्हणजे बास आणि स्नेअर एकाच ड्रममध्ये, उभ्याने वाजवायचा. वरच्या हेडखाली (वाजवायच्या पडद्याखाली) स्नेअरच्या तारा, आत प्लायवुडची आडवी फळी, खालच्या हेडवर उलटं पेडल आणि बाजूला एक छोटी झांज. बदल करून घ्यायला बराच खर्च आला. विकताना तो वसूल होईल का? किंमत कशी ठरवू? (विश्रामबाग, सांगली)

उत्तर : खर्च वसूल होणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. रंग, पट्टे, शेलवर (ड्रमच्या नळकांड्यावर) रंगवलेलं नाव यांचे पैसे कोणी मोजत नाही. नाव असेल तर ते घालवायचा खर्च घेणारा उलट तुमच्याच किमतीतून कापतो. भाव मिळतो तो काढून टाकता येणाऱ्या बदलांना. तारा ताणायचा-सोडायचा खटका आणि फळी स्क्रूवर बसवलेली असेल, टॉमचे मूळ पाय आणि खालची रिम (हेड आवळून धरणारी कडी) जपून ठेवली असेल, तर घेणाऱ्याच्या हाती दोन वस्तू पडतात : आज कॉकटेल ड्रम, उद्या साधा फ्लोअर टॉम. फळी फेविकॉलने चिकटवलेली असेल तर तो गिऱ्हाइकाच्या दृष्टीने कायमचा फेरफार. शेलला नव्याने पाडलेलं प्रत्येक भोक जाहिरातीत आतून-बाहेरून फोटो काढून दाखवा. लपवलेलं भोक हेड काढलं की दिसतंच, आणि मग बोलणी तिथेच फिसकटतात.

किंमत सांगण्याआधी शेल तपासा. ड्रमच्या चावीने समोरासमोरचे रॉड (रिम आवळणारे लांब स्क्रू) अर्धा-अर्धा फेरा सैल करत हेड उतरवा. एका बाजूने एकदम सोडलं तर रिम वाकते. पाय काढा आणि शेल स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर पालथा घाला. दिवे मालवून मोबाइलचा टॉर्च आत सोडा आणि कडेखालून उजेड कुठे झिरपतो ते बघा. केसाएवढी रेघ चालते. कागद सरकेल एवढी फट असेल तर हेड त्या जागी कधीच सुरात लागणार नाही, आणि ती कड घासून सपाट करणं साध्या सुताराचं काम नाही. दुसरी बाजूही अशीच पाहा. हेड परत बसवताना दाबून बसवावं लागलं, तर शेल गोल राहिलेला नाही असं समजा.

मग रॉड. बहुतेक कंपन्यांच्या रॉडचे आटे १२-२४ मापाचे असतात, जाडी साधारण साडेपाच मिलिमीटर. सोनोर कंपनीच्या बऱ्याच ड्रमचे मात्र ६ मिलिमीटरचे. हरवलेल्या रॉडऐवजी कुपवाड एमआयडीसीतून करून आणलेला ६ मिलिमीटरचा बोल्ट कोणी दामटून फिरवला असेल, तर लगच्या (शेलवर बसवलेल्या, रॉड ज्यात फिरतो त्या भागाच्या) आतल्या नटाचे आटे गेलेले असणार. तो रॉड हाताने सहज फिरत नाही, ही खूण. असे नट विकण्याआधी बदलून घ्या. खर्च किरकोळ, पण वाटाघाटीत त्याची किंमत दसपट लावली जाते.

आता हिशोब. एवढाच टॉम, पेडल, तारा आणि स्टँड आज नवे घेतले तर किती होतील, त्याची बेरीज करा आणि तिच्या निम्म्यापासून बोलणी सुरू करा. बेरीज ३०,००० आली तर १५,०००. हेड झिजली असतील तर दोन नव्या हेडचे पैसे वजा. झांज मात्र या किमतीत धरू नका. तिची कड नखाने टिचकी मारत गोल तपासा. चीर असेल तिथे आवाज फाटतो. चीर नसेल तर ती वेगळी विका, झांजेला गिऱ्हाईक लवकर मिळतं.

प्रश्न : खालचं पेडल मारलं की वरच्या तारा घरघरतात. गिऱ्हाईक रविवारी बघायला येणार आहे. काय करू? (मिरज)

उत्तर : एकाच शेलमध्ये बास आणि स्नेअर कोंबल्यावर हे व्हायचंच. खालच्या हेडचा धक्का आतल्या हवेतून आणि शेलमधून तारांपर्यंत पोचतो. मधली फळी त्यासाठीच असते, पण तिच्या कडेला फट राहिली तर ती नसल्यासारखीच. दरवाजाला लावतात ती फोमची पट्टी फळीच्या परिघावर चिकटवा. मात्र वरच्या कप्प्याला स्वतःचं हवेचं भोक आहे ना, ते आधी बघा. नसेल तर पट्टीनंतर घरघर कमी होईल, पण स्नेअर घुसमटून डबा वाजवल्यासारखी बोलेल. दोन्ही हेडचे सूर एकमेकांपासून लांब ठेवा आणि तारा थोड्या ताणा. त्यानंतरही थोडी घरघर उरते. गिऱ्हाइकाला तसं सांगा. जाणकाराला ते माहीत असतं.

प्रश्न : पेडल वेगळं विकलं तर? (तासगाव)

उत्तर : नको. साध्या बास पेडलचा बीटर (हेडवर आपटणारा दांडा) पुढे आपटतो, याचा खालून वर. ते गेलं की उरतो नुसता टॉम. आणि लांब पायही सोबतच द्या. पाय आखूड पडले तर बीटरला झोक मिळत नाही, आणि पायाची रबरं झिजली असतील तर जोरात वाजवताना ड्रम फरशीवर सरकत जातो. रबरं नवी घाला.

प्रश्न : इथल्या ऑर्केस्ट्रावाल्यांना विचारलं, कोणी घेईना. (सातारा)

उत्तर : घेणार नाहीतच. रोलँड कंपनीने १९८५ साली ऑक्टापॅड हे इलेक्ट्रॉनिक तालवाद्य आणलं, आणि आपल्याकडे ऑर्केस्ट्रात उभ्याने वाजवायचं म्हटलं की आता तोच. बँजो पार्टीला मिरवणुकीत दणका हवा, तो यातून निघत नाही. हा ड्रम १९४०-५०च्या दशकांत अमेरिकेतल्या छोट्या क्लबांत खपला तो जागा कमी लागते म्हणून. तुमचं गिऱ्हाईकही तसंच शोधा : पाचगणी-महाबळेश्वरची संध्याकाळी गाणी ठेवणारी हॉटेलं, पुण्यातले कॅफे, लहान चर्च. जाहिरातीत ड्रम किती चौरस फुटांत मावतो ते लिहा, आणि ब्रशने वाजवल्याचा मिनिटभराचा व्हिडिओ टाका.

समोरचा न बघताच ‘पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा’ म्हणाला तर फोन ठेवा. यूपीआयचा पिन पैसे देताना टाकतात, घेताना नाही.

प्रश्न : सांगलीहून पुण्याला ट्रॅव्हल्सच्या डिकीतून पाठवता येईल का? (विटा)

उत्तर : येईल. हेड काढू नका, कड तीच सांभाळतात. प्रत्येक रॉड एक फेरा सैल करा. पाय, पेडल, झांज वेगळ्या खोक्यात. जागा वाचवायला लोखंडी सामान ड्रमच्या आत भरतात, त्याने फळी उखडते आणि तारा पिचतात. नट-वायसर पिशवीत घालून ती पेडललाच बांधा, आणि ड्रमवर ‘आडवा ठेवू नये’ असं दोन्ही बाजूंनी लिहा.