चिलखत घालून रिक्षात बसायचं कसं?

प्रश्न: ताई, मी इंदूरला लोकमान्य नगरात राहतो, इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष. कॉलेजच्या फेस्टसाठी अंतराळातल्या सैनिकाचं चिलखत घरीच बनवतोय, लहान मुलांच्या खोलीत टाकतात त्या जोडायच्या मॅट कापून. छातीचा भाग पांढऱ्या फेविकॉलने चिकटवला, दोन दिवसांत अख्खा सुटला. दंडाची पट्टी मोजून कापली तरी हात आत जात नाही. मित्र म्हणतो थर्माकोल घे. घेऊ का?

नको घेऊस. गणपतीच्या मखरावर ज्याने एकदा स्प्रे पेंट मारलाय त्याला विचार, थर्माकोलला खड्डे पडत जातात आणि आपण बघत बसतो. शिवाय तू वाकलास की ते तडकणार.

तुझी मॅट बरोबर आहे, तो ईव्हीए फोम, चुकला फक्त गोंद. पांढरा फेविकॉल पाण्याचा असतो, लाकूड आणि कागद ते पाणी पितात म्हणून तिथे तो धरतो, हा फोम पाणी पीतच नाही त्यामुळे वाळल्यावर पापुद्रा निघतो तसा निघतो. सियागंजात हार्डवेअरच्या दुकानात जाऊन 'एसआर' माग, सुतार सनमायका चिकटवतात तो. दोन्ही कडांना पातळ लावायचा, 10-15 मिनिटं हात बांधून बसायचं, बोटाला चिकटेनासा झाला की मग दाबून जोडायचं, आणि एकदा जोडलं की सरकवून बघू वगैरे नाही, आधीच पेनाने खुणा करून ठेव. खिडक्या उघड्या हव्यात आणि जवळपास गॅस, उदबत्ती काही पेटलेलं नको, त्याची वाफ पेट घेते. आईला आधी सांग.

आता दंड. तू टेपने दंड मोजलास, समज 30 सेंमी आला, तेवढीच पट्टी कापलीस. पण मॅट 10 मिमी जाड असेल तर ती गोल वळवल्यावर आतला घेर साधारण 3 सेंमीने कमी होतो (जाडी गुणिले पाय, म्हणजे 3.14, शाळेतलंच आहे). म्हणजे 33 तर लागतीलच, वर हात हलायला अजून 2-3. तुझं गणित चुकलं नाही रे, फोमची जाडी धरायची राहिली.

छातीचं मात्र गणिताने होत नाही, तिथे शिवणकाम लागतं. माझी पहिली छाती म्हणजे पिंपाचं झाकण होतं, सपाट. आमच्या रामबागेतल्या आत्याने, जिने आयुष्यभर कटोरी ब्लाउज शिवले, ती उचलून बघितली आणि म्हणाली, "अगं, टक्स कुठे आहेत यात?" खडूने दोन त्रिकोण आखले, म्हणाली हे काप आणि कडेला कड जोड. जोडली, आणि सपाट फोमला आपोआप फुगीरपणा आला. हीट गन, म्हणजे गरम हवा फेकणारं यंत्र, न लावता! तेव्हापासून माझं मत आहे की अर्धा दिवस यूट्यूब बघण्यापेक्षा घरातल्या शिवणाऱ्या बाईजवळ तासभर बसावं.

माप घ्यायची पद्धतही तिथलीच. जुना टी-शर्ट घाल, वरून स्वयंपाकघरातली क्लिंग फिल्म गुंडाळून घे, त्यावर मास्किंग टेप, मार्करने चिलखताच्या रेषा काढ, जोडाच्या रेषांवर आडव्या छोट्या खुणा कर आणि मग कोणाला तरी मागून कात्रीने कापायला लाव. तो सपाट पसरला की तुझ्याच अंगाच्या मापाचा कागद तयार, तो मॅटवर ठेवून आखायचं आणि कापायचं. कटरचं पातं सारखं बदल, फोम पातं फार लवकर बोथट करतो आणि बोथट पात्याने कड उंदराने कुरतडल्यासारखी येते. कापलेले तुकडे हीट गनने शेक, वरचा थर जरा चकाकला की बारीक छिद्रं मिटली समज. मग इथे तुझा पांढरा फेविकॉल कामी येईल, जोडायला नाही, रंगाखालचा थर म्हणून, पाणी घालून ब्रशने तीन-चार हात, प्रत्येक हात पूर्ण वाळू दे, वर ॲक्रिलिक रंग. कोपर-गुडघ्याजवळ जाड थर देऊ नकोस, वाकला की तडे जातात.

आणि हो, सगळं चिकटवून टाकू नकोस. मी पहिल्यांदा मांड्या आणि गुडघे एकच नळकांडं करून ठेवले होते, घरात आरशासमोर छान दिसलं, निघायच्या वेळी कळलं की बसताच येत नाही. ऑटोत शिरेना. शेवटी लोडिंग रिक्षा बोलावली आणि लोकमान्य नगरपासून राजवाड्यापर्यंत मागे उभी राहून गेले, सिग्नलला एका काकांनी विचारलं, "अनंत चतुर्दशी आजच आहे का? कोणत्या मिलची झांकी?" (त्या रात्री इंदूरला कापड गिरण्यांचे चित्ररथ निघतात ना, त्यातलीच मी वाटले.) मी हेल्मेटमधून उत्तर देत होते, त्यांना काही ऐकू जात नव्हतं. तेव्हा सांध्यांना मोकळी जागा सोड, तुकडे इलास्टिक, वेल्क्रो आणि स्कूलबॅगच्या क्लिपने जोड. पूर्ण घालून पायरी चढ, खुर्चीत बस, पाणी पिऊन बघ. बाथरूमलाही जाऊन बघ, हे कोणी सांगत नाही.

प्रश्न: हेल्मेटच्या काचेवर वाफ धरते, दोन मिनिटांत आंधळं व्हायला होतं. उपाय?

भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब आतून चोळून कोरड्या कपड्याने पुसा, थोडा वेळ निभतं. खरा उपाय हवेचा. जेल रोडला 5 व्होल्टचा छोटा पंखा मिळेल, तो हनुवटीपाशी बाहेर हवा फेकेल असा बसवा, वर कुठेतरी हवा आत यायला भोक ठेवा, पॉवर बँक कमरेच्या पाऊचमध्ये. फोममधून हवाही जात नाही आणि घामही जात नाही, त्यामुळे आत सुती बनियन घाला, दर 15-20 मिनिटांनी हेल्मेट काढा आणि सोबत एक माणूस ठेवा जो तुम्हाला पाणी देईल. रंगपंचमीच्या गेरमध्ये, म्हणजे रंग उडवत निघणाऱ्या मिरवणुकीत, घालून जाऊ का असंही तुम्ही विचारलंय. नाही.

प्रश्न: मी 58 वर्षांची आहे, नातवासोबत मलाही एक करायचंय. लोक हसतील का?

हसतील की, माझ्यावर अख्खा राजवाडा हसला. पण एक सांगते, 1939 साली न्यूयॉर्कला पहिलं जागतिक विज्ञानकथा संमेलन भरलं, तिथे फॉरेस्ट अकरमन आणि मर्टल डग्लस हे दोघं विज्ञानकथांचे चाहते भविष्यातले कपडे घालून गेले होते, आणि दोघांचे कपडे मर्टलने शिवलेले. आजच्या या सगळ्या वेषभूषेच्या हौसेची, जिला कॉस्प्ले म्हणतात, सुरुवात बरेच जण तिथून धरतात. तुम्हाला शिलाई येते असं पत्रात लिहिलंय, मग नातवापेक्षा तुमचंच आधी तयार होणार. 10 मिमी घेऊ नका, अंगावर 5 मिमी पुरे, हलकंही पडतं. आणि झाल्यावर पत्र्याखालच्या माळ्यावर टाकू नका, मे महिन्यात गोंद सुटतो आणि छाती चेपते, पलंगाखाली ठेवा.