यजमानांची फील्डवर बदली होणार आहे. मागे मुलांची आणि घराची व्यवस्था कशी लावावी?

ताई, तुमचे सैन्यातले यजमान दोन महिन्यांत फील्डवर, म्हणजे कुटुंबाला सोबत नेता येत नाही अशा ठिकाणी, जाणार आहेत, घरात सात आणि तीन वर्षांची मुले व मधुमेह असलेल्या सासूबाई आहेत, आणि जाण्याआधी काय करून ठेवावे, असे तुम्ही विचारले आहे. माझे यजमान मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि त्यांच्या तीन फील्ड पोस्टिंग मी सातारा जिल्ह्यातील सासरी काढल्या, त्या अनुभवावरून लिहिते.

पैशांची सोय बहुतेक घरी होतेच. पगाराचे खाते दोघांच्या नावावर, 'आयदर ऑर सर्व्हायव्हर', म्हणजे दोघांपैकी कोणालाही एकट्याने चालवता येईल असे, असावे, एवढे पुरते. आम्हीही तेवढे करून निर्धास्त झालो होतो. मी स्वतःच अंथरुणाला खिळले तर काय, याचा विचार मात्र कोणी केला नव्हता. दुसऱ्या पोस्टिंगच्या पावसाळ्यात मी अंगणातल्या शेवाळावरून घसरले आणि उजवे मनगट मोडले. दीर मला दवाखान्यात घेऊन गेले आणि पहिलीतल्या धाकटीला आणायला जाऊबाई शाळेत गेल्या, पण प्रवेश अर्जावर आईवडिलांखेरीज कोणाचेच नाव नसल्यामुळे शाळेने मुलीला त्यांच्या ताब्यात दिले नाही. हाताला प्लास्टर घालून मी शाळेत पोहोचले तेव्हा साडेसहा वाजून गेले होते आणि ती दप्तर मांडीवर घेऊन शिपायाच्या बाकावर बसली होती. शाळेचे काही चुकले नव्हते, नाव आम्हीच दिले नव्हते. यजमान वरच्या चौकीवर होते. त्यांच्याशी बोलणे झाले ते पाचव्या दिवशी.

म्हणून तुमच्या जागी मुलांकडे पाहणारी एक व्यक्ती आणि ती नसल्यास दुसरी, अशी दोन नावे आत्ताच ठरवा. घरचेच आहेत, वेळेला येतीलच, असे गृहीत न धरता त्यांना समोर बसवून विचारा, आणि त्या दोघांची नावे व फोन नंबर तुम्हा उभयतांच्या सहीच्या पत्राने शाळेत व अंगणवाडीत देऊन ठेवा. सासूबाईंच्या गोळ्या, डॉक्टरांचे नाव, मुलांना न सोसणारी औषधे, कपाटाची किल्ली हे सारे एका वहीत लिहा. यजमान घरी असतानाच धाकट्याला दोन रात्री त्या व्यक्तीकडे ठेवून पाहा; दिवा मालवला की तो रडतो, यासारख्या गोष्टी तेव्हाच कळतात.

कागदपत्रांत पार्ट टू ऑर्डर, म्हणजे सैनिकाच्या घरच्या घडामोडींची युनिटने केलेली अधिकृत नोंद, सर्वांत महत्त्वाची. लग्नाची आणि दोन्ही मुलांच्या जन्माची नोंद तिच्यात झाली आहे का, हे यजमानांनी युनिटच्या क्लार्ककडून खात्री करून घ्यावे, कारण अवलंबितांचे कार्ड आणि लष्करी रुग्णालयातील उपचार त्या नोंदीवरच चालतात. आर्मी ग्रुप इन्शुरन्स आणि भविष्य निर्वाह निधीतील नामनिर्देशनही पाहावे. पुष्कळांचे ते लग्नाआधीचे, आईच्या नावाचे, तसेच राहिलेले असते. सासूबाईंसमोर हा विषय यजमानांनीच काढावा, सुनेने काढला की त्याला भलताच रंग चढतो.

शेतीचा वाद कोर्टात असेल आणि सैनिकाला रजा मिळत नसेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २८ प्रमाणे तो आपल्या वतीने कोणालाही दावा चालवण्याचा अधिकार लेखी देऊ शकतो. त्या कागदावर कमांडिंग ऑफिसरसमोर सही करावी लागते, म्हणून हे काम युनिटमध्ये असतानाच उरकलेले बरे. भाऊबंदकीच्या तारखा नेमक्या अशाच वेळी लागतात.

छावणीतील सेपरेटेड फॅमिली क्वार्टरसाठी, म्हणजे फील्डवर गेलेल्यांच्या कुटुंबांना मिळणाऱ्या घरासाठी, अर्ज जरूर करा, पण ते मिळेलच, असे धरून गावातली शाळा सोडू नका.

जवानाला वर्षाला ६० दिवस वार्षिक आणि ३० दिवस नैमित्तिक रजा असते. ती सगळी सुगीला आणि यात्रेला न संपवता काही दिवस अडीअडचणीसाठी राखायला सांगा. यजमानांच्या कंपनीच्या, म्हणजे तुकडीच्या, सीनियर जेसीओंचा (सुभेदार दर्जाच्या अधिकाऱ्यांचा) आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा फोन नंबर भिंतीवर लावा. निरोप देताना यजमानांचा आर्मी नंबर, हुद्दा आणि युनिट सांगावेच लागते. घाबरल्यावर मला तो नंबर कधीच आठवत नसे, म्हणून मी तो मोठ्या मुलाकडून पाढ्यांबरोबर पाठ करून घेतला होता. तुमचा सात वर्षांचा आहे, त्यालाही येईल.