कचेरीचे भाडे कोण भरणार?

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

ऐरोलीतील नोकरी सोडून स्थलांतरित मजुरांसाठी स्वतःची संस्था काढावी, की आहे त्या संस्थेला देणगी देऊन गप्प बसावे, असा तुझा प्रश्न आहे. आणि घरात ‘आपली पोरे बेकार असताना परप्रांतीयांचे लाड कशाला’ हे रोज ऐकावे लागत असल्याने तुझा गोंधळ अधिकच वाढला आहे. तुझी कळकळ मला ठाऊक आहे, तिच्याविषयी लिहीत नाही. संस्था काढू नकोस. जी संस्था टिकून आहे, तिला दर महिन्याला, कोणतीही अट न घालता पैसे दे, आणि ते वर्षानुवर्षे देत राहा. भाडे, विजेचे बिल आणि कार्यकर्त्यांचे पगार यांसाठी दे. हे तुला नीरस वाटेल. वाटू दे.

मी मजुरांसाठीच्या एका संस्थेचा खजिनदार असताना घोडबंदर रोडवरच्या एका इमारतीच्या परांचीवरून पडून पश्चिम बंगालच्या मालदा जिल्ह्यातला एक सेंटरिंग कामगार गेला. ठेकेदाराने त्याच्या बायकोच्या हातात काही रोकड ठेवली, कागदावर अंगठा घेतला आणि तिची गावी जाण्याची सोयही केली. पाहणाऱ्यांना ती माणुसकी वाटली. त्या वेळी लागू असलेल्या 1923 च्या कामगार भरपाई कायद्यानुसार मृत्यूची भरपाई आयुक्तांकडे जमा करावी लागे, परस्पर काही देऊन मालकाची जबाबदारी संपत नसे, हे आमच्या पगारी कार्यकर्त्याला माहीत होते. तो त्याच संध्याकाळी मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांत गेला, मुकादमाच्या हजेरीवहीचे मोबाइलवर फोटो काढले आणि सोबत्यांचे जबाब लिहून घेतले, कारण ते सगळे लवकरच दुसऱ्या साइटवर पांगणार होते आणि पांगलेही. पुढे ठाण्याच्या कामगार न्यायालयात ‘हा आमचा माणूसच नव्हता’ असे सांगण्यात आले, तेव्हा कामी आली ती वही; तिच्यात त्याच्या नावापुढे पूर्ण दिवसाला उभी रेघ होती आणि ओव्हरटाइमला फुली. निकाल लागेपर्यंत आमचा त्या वर्षीचा मोठा देणगीदार केव्हाच वृक्षारोपणाकडे वळला होता. त्या संध्याकाळी कचेरी उघडी होती ती कोणाच्या भाड्यावर, हे मी तुला पुन्हा पुन्हा विचारणार आहे.

2020 च्या मे महिन्यात मुंबई–नाशिक महामार्गावरून माणसे पोरांना खांद्यावर घेऊन कसारा घाटाकडे चालत होती, तेव्हा ठाण्यात देणाऱ्यांची रीघ लागली होती. धान्य आले, चपला आल्या, बिस्किटांचे खोके ठेवायला जागा उरली नाही. तेच मजूर परत येऊन ठेकेदाराकडे अडकलेली मजुरी मागू लागले, त्या दाव्यांसाठी मात्र कुणी विचारणा केली नाही. त्याच वर्षी परदेशी देणग्यांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आली आणि एका संस्थेने ते पैसे दुसरीला देण्यावरही बंदी आली. म्हणजे भाडे आणि पगार यांचा भार इथल्याच माणसांनी उचलायला हवा, तुझ्यासारख्या पगारदारांनी.

एका देणगीदाराने ब्लँकेटवाटपासाठी मोठी रक्कम देऊ केली होती, अट एवढीच की प्रत्येक ब्लँकेटसह फोटो हवा. मी ती परत केली. एक गुणी सहकारी त्यावरून रागावून निघून गेला, याचे मला आजही वाईट वाटते. लोक मला हेकट म्हणाले, तो असेनही. पण थंडी वाजणाऱ्याला फोटोसाठी उभे करणाऱ्या संस्थेकडे तोच माणूस उद्या मुकादमाची तक्रार घेऊन येईल, असे ज्याला वाटते त्याने खुशाल तसे करावे.

घरच्यांना वाशीच्या बाजारातल्या माथाडी हमालांचे उदाहरण दे. साताऱ्याच्या डोंगरांतून मुंबईत हमालीला आलेल्यांना अण्णासाहेब पाटलांनी संघटित केले, 1969 चा माथाडी कायदा झाला, आणि पाठीवरच्या ओझ्याला हक्काची मजुरी मिळू लागली. ‘ते मराठी होते’ असे उत्तर येईल. मग त्यांना विचार, ठेकेदार बाहेरचा माणूस का घेतो? त्याचे इथे ना रेशनकार्ड, ना नातलग, ना युनियन. किमान वेतनाहून कमी दिले तरी तो कुठे जाणार? तो जिथे जाऊ शकतो ती कचेरी चालू राहिली, तर शेजारच्या बेकार पोराचाही दर पडत नाही. आणि बंगाली बोलतो एवढ्यावरून कुणाला पोलीस ठाण्यात बसवून ठेवले, तर रात्री वकील धावून यायला हवा. संविधानाच्या अनुच्छेद 21 चे संरक्षण परकीय नागरिकालाही आहे. पण वकिलाची फी महिन्याच्या महिन्याला दिली नसेल तर ते अनुच्छेद रात्री अकरा वाजता कोण सांगणार?

पैसे डोळे मिटून द्यावेत असे मी म्हणत नाही. संस्था 1950 च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली नोंदलेली असेल तर तिचा लेखापरीक्षण अहवाल धर्मादाय आयुक्तांकडे जातो; तो मागून घे आणि पगारांवर काहीच खर्च दिसत नसेल तर आनंदू नकोस, शंका घे. तू नवी करप्रणाली घेतली असशील तर देणगीवरची करसवलत मिळणार नाही, तिच्यासाठी थांबू नकोस. शनिवार मोकळा असेल तर कोपरखैरण्याच्या नाका कामगारांचे बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाचे नोंदणी अर्ज भर. वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला ठेकेदार देत नाहीत, तेव्हा तो महापालिकेकडून मिळवण्यासाठी खेटे घालणारा माणूस लागतो, आणि ते काम संस्थापक अध्यक्ष करत नसतात.

राजीनामा लिहून ठेवला असशील तर पाठवू नकोस. तुझा पगार एक तारखेला होतो; ऑटो-डेबिट पाच तारखेचे लाव, भाडे सात तारखेला द्यावे लागते.

तुझा,
काका