नवऱ्यालाही पित्त उठतं, मग मलाच एवढी खाज का?

"मॅडम, खरं सांगा, हे माझ्या मनाचे खेळ आहेत का?" ती खुर्चीत नीट टेकलीही नव्हती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

चार महिने रोज संध्याकाळी अंगावर पित्त उठत होतं. आमसुलाचं आगळ लावून झालं, वांगी बंद झाली. त्वचारोगतज्ज्ञांनी गोळ्या दिल्या आणि जाताजाता "टेन्शन कमी करा" म्हणाले. घरच्यांनी नेमकं तेवढंच उचललं. नवऱ्यालाही अधूनमधून गांधी उठतात. "मी करतो का एवढा बाऊ?" हे त्याचं बोलणं तिला गांधींपेक्षा जास्त झोंबलं होतं.

त्या दिवशी मी तिला श्वासाचे व्यायाम मुद्दाम शिकवले नाहीत. शिकवले असते, तर मीही "मनाचंच आहे" म्हणणाऱ्यांत जमा झाले असते. त्याऐवजी कागदावर त्वचा काढली. त्वचेतल्या मास्ट पेशी, म्हणजे शरीराच्या संरक्षणातल्या पेशी, हिस्टामिन नावाचं रसायन सोडतात, रक्तवाहिन्या पाझरतात, गांध उठते. तेच हिस्टामिन बारीक मज्जातंतूंची टोकं चेतवतं, तेव्हा खाज सुटते. माणसाच्या त्वचेतले हे खाजेचे तंतू १९९७ साली नोंदले गेले. त्यांचा निरोप सेकंदाला जेमतेम अर्धा मीटर सरकतो.

"म्हणजे ते मोजता येतं?" तिने विचारलं.

हो. आणि दोन माणसांत ते सारखंच असेल असं नाही. सहा आठवड्यांहून जास्त टिकणारं असं पित्त पुरुषांपेक्षा बायकांत साधारण दुप्पट दिसतं. मास्ट पेशींवर आणि संवेदी मज्जापेशींवरही इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाचा निरोप घेणारे ग्राहक (रिसेप्टर) असतात. मिशिगनमधल्या संशोधकांना २०१६ मध्ये उंदरांच्या माद्यांच्या मास्ट पेशींत नरांपेक्षा जास्त हिस्टामिन साठलेलं आढळलं. मला राग येतो तो याचा, की कित्येक वर्षं प्रयोगशाळांत बहुतेक नरच वापरले गेले, आणि बायकांच्या तक्रारी मात्र "नाजूक स्वभाव" म्हणून बाजूला टाकल्या गेल्या.

ताणाने पित्त वाढतं, हेही मी तिच्यापासून लपवलं नाही. पण ताणाने वाढणं वेगळं आणि खोटं असणं वेगळं.

गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, एवढं बजावलं आणि एक वही ठेवायला सांगितली: तारीख, गांधी, खाज दहापैकी किती, पाळीचा दिवस. ओठ किंवा जीभ सुजली, श्वास अडकला, तर वही बाजूला ठेवून थेट दवाखाना.

दोन महिन्यांनी ती वही घेऊन आली. पाळीआधीच्या चार-पाच दिवसांत आकडे चढलेले स्पष्ट दिसत होते. ते पान तिने आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवलं होतं, मग नवऱ्याला. त्या आठवड्यातला एक आकडा त्याच्या अक्षरात होता. रात्री दोन वाजता तिला जाग आली, तेव्हा तोही उठून बसला होता.