रशियात टोळ्या आणि सत्ता यांचे संगनमत खरोखर होते का, की हा पाश्चात्त्य माध्यमांचा कांगावा?

संगनमत खरोखर होते, आणि त्याची कबुली रशियातील उच्चपदस्थांनीच दिलेली आहे. क्रास्नोदार प्रांतातील कुश्चेव्स्काया या गावात नोव्हेंबर 2010 मध्ये एका शेतकऱ्याच्या घरात 4 मुलांसह 12 जणांची हत्या झाली, तेव्हा तपासात उघड झाले की त्या टोळीचा म्होरक्या सेर्गेई त्सापोक हा स्थानिक जिल्हा मंडळावर लोकप्रतिनिधी म्हणून बसलेला होता, त्याच्या कुटुंबाची मोठी शेती कंपनी होती आणि वर्षानुवर्षे आलेल्या तक्रारींकडे पोलिसांनी सरळ काणाडोळा केला होता. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये घटनात्मक न्यायालयाचे अध्यक्ष वालेरी झोर्किन यांनी सरकारी वृत्तपत्र 'रोसिस्काया गाझेता'मध्ये लेख लिहून सत्ता आणि गुन्हेगारी एकमेकांत मिसळत चालल्याचा जाहीर इशारा दिला. माझ्या मते हा पुरावा कोणत्याही परदेशी वार्तांकनापेक्षा वजनदार आहे. त्सापोकला 2013 मध्ये जन्मठेप झाली. मात्र टोळ्याच देश चालवतात, असा निष्कर्ष यातून काढू नये: 1990 च्या दशकात व्यापाऱ्यांकडून संरक्षणाच्या नावाखाली टोळ्या जी खंडणी उकळत, ते काम पुढे बऱ्याच अंशी पोलीस आणि सुरक्षा यंत्रणांतील अधिकाऱ्यांनीच आपल्या हाती घेतले.